20 कोटींची लाच, 1,100 कोटींचं बिल : मोझांबिकच्या लपवलेल्या कर्जांचं प्रकरण

2013 आणि 2014 या दोन वर्षांत मोझांबिकमधल्या तीन नव्या कंपन्यांनी परदेशी बँकांकडून मिळून 200 कोटी डॉलरच्या वर कर्ज उचललं. तिन्ही कर्जांना जामीन होतं मोझांबिक सरकार. या हमी दिल्या तेव्हा त्यांची कल्पना संसदेला नव्हती, देणगीदार देशांना नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीलाही नव्हती. तीन वर्षांनी हे सगळं उघडकीला आलं, तेव्हा आफ्रिकेत झपाट्यानं वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांपैकी एक म्हणून नावाजलेला हा देश काही महिन्यांत कर्जबुडव्या ठरला.

(इथले सगळे आकडे कोटी डॉलरमध्ये दिले आहेत. 100 कोटी म्हणजे 1 अब्ज.)

जगभरातल्या भ्रष्टाचाराची किंमत सांगताना बहुतेक वेळा लाचेची रक्कम मोजली जाते. नाणेनिधीच्या 2016 च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी दीड ते दोन लाख कोटी डॉलर लाचेपोटी दिले जातात, म्हणजे जगाच्या उत्पन्नाच्या सुमारे 2 टक्के. आकडा मोठा असला तरी तो नुकसानीचा आकडा नाही. लाच म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे. ती घेण्यासाठी जो चुकीचा निर्णय घेतला जातो, त्याचं नुकसान वेगळं आणि कित्येक पट मोठं असतं. मोझांबिकचं प्रकरण अभ्यासायचं ते यासाठी, कारण इथे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात. अमेरिकी आरोपपत्रानुसार लाच आणि कमिशनची रक्कम किमान 20 कोटी डॉलर. देशाला पडलेला भुर्दंड, नॉर्वेची सीएमआय ही संशोधन संस्था आणि मोझांबिकची राजधानी मापुतोतली सीआयपी ही संस्था यांनी 2021 मध्ये केलेल्या हिशेबानुसार, किमान 1,100 कोटी डॉलर. एका डॉलरच्या लाचेमागे 55 डॉलर.

हे 55 पट कसं झालं, हाच या लेखाचा विषय.

कंपन्या कोणत्या, मालक कोण

मोझांबिकला अडीच हजार किलोमीटरच्या आसपास समुद्रकिनारा आहे. 2010 नंतर उत्तरेकडच्या रोवुमा खोऱ्यात समुद्राखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले. किनाऱ्याचं रक्षण हवं, परदेशी जहाजं आपला ट्यूना मासा पळवतात तो आपण पकडायला हवा, बोटींची दुरुस्ती आपल्याच गोदीत व्हायला हवी, या तिन्ही गोष्टी कागदावर पटण्यासारख्या होत्या. त्यातून तीन कंपन्या निघाल्या.

प्रोइंडिकस : किनारा संरक्षण. कर्ज 62.2 कोटी डॉलर, स्वित्झर्लंडची क्रेडिट स्वीस आणि रशियाची व्हीटीबी या बँकांकडून.

एमाटुम : ट्यूना मासेमारी. कर्ज 85 कोटी, त्यातले 50 कोटी क्रेडिट स्वीसमार्फत आणि 35 कोटी व्हीटीबीमार्फत.

माम : गोदी आणि दुरुस्ती. कर्ज 53.5 कोटी, व्हीटीबीकडून.

मालकीचा तक्ता पाहिला की पहिली धोक्याची खूण दिसते. प्रोइंडिकसमध्ये निम्मी मालकी संरक्षण मंत्रालयाच्या मोंते बिंगा या कंपनीची आणि निम्मी जिप्स नावाच्या कंपनीची. जिप्स ही देशाच्या गुप्तचर खात्याची, म्हणजे सिसेची कंपनी. एमाटुममध्ये जिप्स 33 टक्के, माममध्ये 98 टक्के. तिन्ही कंपन्यांचा कारभार एकाच माणसाकडे होता : सिसेचे वरिष्ठ अधिकारी आंतोनियो दो रोझारियो. मासे पकडणारी कंपनी गुप्तचर खात्याच्या हाताखाली कशासाठी, हा प्रश्न त्या वेळी एखाद्या बँकेनं रेटून विचारला असता तर प्रकरण तिथेच अडलं असतं. गुप्तचर खातं मालक असण्याचा उपयोग पुढे स्पष्ट झाला. कुणीही हिशेब मागितला की ‘देशाच्या सुरक्षेचा विषय’ एवढंच उत्तर मिळे. नंतरच्या लेखापरीक्षणालाही तेच मिळालं.

तिन्ही कंपन्यांचा पुरवठादारही एकच : प्रिव्हिनव्हेस्ट हा अबू धाबीतून चालणारा जहाजबांधणी समूह, ज्याची एक गोदी फ्रान्सच्या शेरबुर्गला आहे. जाहीर निविदा काढलीच गेली नाही.

पैसा कुठल्या वाटेनं फिरला

सर्वसाधारण सरकारी खरेदीत कर्जाची रक्कम सरकारी खात्यात येते, माल येईल तसतसे टप्प्याटप्प्यानं पैसे सुटतात आणि शेवटचा हप्ता तपासणीनंतर दिला जातो. इथे बँकांनी आपली फी कापून कर्जाची रक्कम थेट प्रिव्हिनव्हेस्टच्या खात्यात भरली, तीही माल पोचण्याआधी. कर्जदार मोझांबिकचा, जामीनदार मोझांबिक सरकार आणि पैसा मात्र बाहेरून बाहेरच. त्यामुळे मोझांबिकच्या मध्यवर्ती बँकेला किंवा कोषागाराला सहज दिसेल अशी नोंद झाली नाही. पुढे याच खात्यांतून लाचेच्या रकमा वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांच्या नावे निघाल्या.

लाचेची बोलणी कर्जाच्या बऱ्याच आधी, 2011 मध्येच सुरू झाली होती. अमेरिकी सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडलेल्या ईमेलमध्ये पुरवठादाराचा मध्यस्थ आणि मोझांबिकचा मध्यस्थ रकमेची घासाघीस करताना दिसतात. आधी भाव ठरवू, मग काम मंजूर करू, असा क्रम. त्यातल्या एका ईमेलमध्ये डॉलरऐवजी ‘कोंबड्या’ हा शब्द वापरला आहे : 5 कोटी कोंबड्या मांडा. मोझांबिकच्या बाजूनं दिलेलं कारणही त्यातच आहे. लोकशाहीत माणसं येतात-जातात, त्यामुळे या मंत्रालयाचं, त्या खात्याचं, सगळ्यांचं बघावं लागेल. टक्केवारी किती जणांत वाटायची हे प्रकल्पाचा आराखडा होण्याआधी ठरत होतं. प्रकल्पाचा आकार मासे किती आहेत यावरून न ठरता वाटेकरी किती आहेत यावरून ठरला, असं म्हणायला या ईमेलनंतर फारशी अडचण उरत नाही.

बँकेच्या आतही तेच. क्रेडिट स्वीसच्या लंडन शाखेतल्या तीन बँकरांनी, अँड्र्यू पिअर्स, सुरजन सिंग आणि डेटेलिना सुबेवा यांनी 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. पिअर्सची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती कुठल्याही बँकेत घडू शकते. अशा कर्जात व्याजदर कमी दाखवता यावा म्हणून पुरवठादार बँकेला एक रक्कम देतो. प्रोइंडिकसच्या कर्जात ती 4.9 कोटी डॉलर ठरली होती. पिअर्सनं ती 1.1 कोटींनी कमी करून दिली आणि त्यातला निम्मा वाटा स्वतःसाठी घेतला. म्हणजे आधी स्वतःच्या बँकेचं नुकसान केलं. एकदा हा वाटा घेतल्यावर पुढच्या कर्जांत तो पुरवठादाराच्या बाजूचा माणूस झाला. त्याला एकूण किमान 4.5 कोटी डॉलर मिळाले.

बँकेला इशारे नव्हते असंही नाही. ब्रिटनच्या वित्तीय नियामकानं 2021 मध्ये क्रेडिट स्वीसला 14.7 कोटी पौंडांचा दंड केला, तेव्हाच्या आदेशातून दिसतं की पुरवठादाराबद्दलच्या गंभीर शंका बँकेच्या कागदपत्रांत होत्या आणि तरीही एमाटुमचं कर्ज पुढे गेलं. माहिती नसणं आणि माहिती असून तिच्यावर निर्णय न घेणं यातला फरक तपासणाऱ्यानं नेहमी धरून ठेवावा. दुसऱ्या प्रकारचा दोष नियम वाढवून सुटत नाही.

एका सहीची ताकद

मोझांबिकच्या राज्यघटनेनुसार एका आर्थिक वर्षापलीकडे जाणाऱ्या सरकारी कर्जाला संसदेची परवानगी लागते. शिवाय दर वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या कायद्यात सरकारनं द्यायच्या हमीची कमाल मर्यादा घातलेली असते. 2013 ची ती मर्यादा 1 कोटी डॉलरच्याही आत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रोइंडिकसच्या पहिल्या 37.2 कोटींच्या कर्जाच्या हमीपत्रावर अर्थमंत्री मानुएल चांग यांनी सही केली. मर्यादेच्या कैक पट. पुढच्या दोन्ही कर्जांच्या हमीपत्रांवरही त्यांचीच सही.

आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला जे कळतं, तेच इथे देशाच्या पातळीवर घडलं. जामीनकीचा कागद सही करताना फुकट वाटतो. त्या दिवशी खिशातून काहीच जात नाही, म्हणून तो खर्चाच्या बाजूला मांडला जात नाही. कर्जदार थकला की मात्र पूर्ण रक्कम एका दिवसात जामीनदाराची होते.

आणि कर्जदार थकणार हे बोटींच्या किमतीतच लिहिलेलं होतं. 2016 अखेर मोझांबिकच्या महाधिवक्ता कार्यालयानं स्वीडनच्या पैशातून क्रोल या संस्थेला लेखापरीक्षणाचं काम दिलं. जून 2017 मध्ये त्याचा सारांश प्रसिद्ध झाला. एमाटुमसाठी 27 नौका आल्या, त्यातल्या 24 मासेमारीच्या आणि 3 गस्तीच्या. मासेमारीच्या एकेका बोटीचं बिल 2.23 कोटी डॉलर, आणि क्रोलनं नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाचा अंदाज 20 लाख. अकरा पट. तिन्ही प्रकल्पांत मिळून किमतीतली फुगवणूक 71.3 कोटी डॉलर. शिवाय 50 कोटी डॉलरचा हिशेबच लागेना : एमाटुमच्या कर्जातला हा भाग लष्करी सामानावर गेल्याचं सरकारी बाजू सांगत होती आणि संरक्षण मंत्रालय सामान मिळालं नसल्याचं सांगत होतं.

20 लाखांची बोट 2.23 कोटींना घेतली तर ती किती मासे पकडेल याला अर्थ उरत नाही. 20 लाखांच्या बोटीनं 20 लाखांच्या बोटीएवढेच मासे येणार आणि व्याज मात्र 2.23 कोटींवर भरायचं. प्रकल्प अहवालांनुसार डिसेंबर 2016 पर्यंत तिन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे 230 कोटी डॉलरचं उत्पन्न कमवायचं होतं. क्रोलला जवळपास काहीच उत्पन्न सापडलं नाही. ट्यूनाच्या बोटी मापुतो बंदरात धक्क्याला एकीला लागून एक अशा उभ्या राहिल्या आणि तिथेच गंजत गेल्या.

लपवाछपवी तीन वर्षं कशी टिकली

एमाटुमचं कर्ज तसं लपलेलं नव्हतं. ते रोख्यांच्या रूपात 2013 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात युरोपच्या बाजारात विकलं गेलं. सप्टेंबरच्या शेवटी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलांद आणि मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष गेबुझा शेरबुर्गच्या गोदीत हजर राहिले, तेव्हा मोझांबिकच्या लोकांना आपला देश एवढ्या बोटी घेतोय हे कळलं. देणगीदारांनी प्रश्न विचारले. सरकारनं एमाटुमच्या कर्जातला मोठा भाग संरक्षण खर्चात दाखवला आणि वाद शमला.

हीच खरी चलाखी ठरली. एक कर्ज उघडं असल्यामुळे सगळे त्याच्यावरच भांडत राहिले, आणि प्रोइंडिकस व माम ही दोन कर्जं कुणी शोधलीच नाहीत. ती रोख्यांऐवजी थेट बँक कर्जं होती, त्यामुळे बाजारात त्यांचा माहितीपत्रक नावाचा कागद नव्हता. कर्जदार कंपन्या कागदोपत्री खासगी स्वरूपाच्या, म्हणून सरकारी कर्जाच्या नोंदवहीत नाहीत. हमी तेवढी सरकारची, आणि हमीची नोंदवही कुणी मागितली नाही.

मार्च-एप्रिल 2016 मध्ये एमाटुमचे हप्ते झेपेनात म्हणून सरकारनं ते रोखे बदलून घेतले. जुने रोखे देऊन 72.65 कोटी डॉलरचे नवे सरकारी रोखे, मुदत 2023, व्याज 10.5 टक्के. या अदलाबदलीचा कायदेशीर अर्थ फार महत्त्वाचा आहे. आधी कंपनी कर्जदार आणि सरकार जामीन होतं. आता सरकार स्वतःच कर्जदार झालं. वादग्रस्त हमीचं रूपांतर पक्क्या सरकारी देण्यात झालं. अदलाबदल पुरी होते ना होते तोच, एप्रिलच्या पहिल्या दिवसांत, प्रोइंडिकसच्या कर्जाची बातमी अमेरिकी वृत्तपत्रात फुटली. पाठोपाठ मामचं कर्जही बाहेर आलं. नवे रोखे घेतलेल्या गुंतवणूकदारांना आदल्या आठवड्यात दाखवलेला देशाचा ताळेबंद खोटा होता.

बिल कसं फुगलं

इथून पुढे जे झालं त्यात नवी लाच एक पैचीही नाही. तरी नुकसानीचा सर्वांत मोठा भाग इथेच आहे.

पहिल्यांदा नाणेनिधीनं आपला कार्यक्रम थांबवला. त्याच्याबरोबर अर्थसंकल्पाला थेट रोख मदत देणाऱ्या 14 देणगीदारांनी हात आखडता घेतला. या पैशातून शिक्षकांचे पगार, दवाखान्यांची औषधं, पाणीयोजना चालत. हा पैसा एखाद्या ठरावीक प्रकल्पाचा नसतो, सरकारच्या रोजच्या खर्चात मिसळलेला असतो. म्हणून तो थांबला की सगळीकडे थोडं थोडं कापावं लागतं.

मग डॉलर आटला. 2014 मध्ये एका डॉलरला 30 च्या आसपास मेटिकल मिळत. 2016 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत भाव 80 च्या जवळ गेला. मोझांबिक गहू, तांदूळ आणि पेट्रोल-डिझेल मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. वर्षअखेरीस महागाई 25 टक्क्यांच्या आसपास होती. ती आवरायला मध्यवर्ती बँकेनं ऑक्टोबरात आपला कर्जदर एका झटक्यात 6 टक्क्यांनी वाढवून 23.25 टक्के केला. ज्या व्यापाऱ्याचा, छोट्या कारखानदाराचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्याचं खेळतं भांडवल बंद झालं. दीर्घकाळ 7 टक्क्यांच्या आसपास राहिलेला वाढीचा दर 2016 मध्ये 4 टक्क्यांच्या खाली आला. मे 2016 मध्ये मामचा 17.8 कोटींचा हप्ता चुकला, जानेवारी 2017 मध्ये नव्या सरकारी रोख्यांचं व्याजही चुकलं.

काकाचं कर्ज बुडालं तर पुतण्याची पत जात नाही, पण देशाचं तसं नसतं. सरकारची पत गेली की त्या देशातल्या प्रत्येक कंपनीला आणि बँकेला बाहेर मिळणारं कर्ज महागतं. सीएमआय आणि सीआयपी यांच्या अभ्यासात हे सगळं मांडलेलं आहे : फेडलेले आणि फेडायचे पैसे, थांबलेली मदत, आटलेली गुंतवणूक, घटलेलं उत्पन्न. 1,100 कोटी डॉलर हा आकडा 2016 मधल्या देशाच्या पूर्ण वर्षाच्या उत्पन्नाएवढा आहे. दरडोई 400 डॉलरच्या आसपास. जवळपास 19 लाख माणसं 2019 पर्यंत गरिबीच्या रेषेखाली ढकलली गेली.

हा 19 लाखांचा आकडा सारणीत एका ओळीत बसतो, म्हणून तो वाचून पुढे जाणं सोपं असतं. तसं जाऊ नये. उत्तर आणि मध्य मोझांबिकच्या नाम्पुला, झांबेझिया या भागांत कोरडवाहू शेतकरी तूर पिकवतो. ती तूर न्हावाशेवासारख्या बंदरांतून आपल्या स्वयंपाकघरात येते. कर्जं उघडकीला आल्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलै 2016 मध्ये भारतानं मोझांबिकशी डाळी आयातीचा दीर्घ मुदतीचा करार केला. त्या शेतकऱ्यानं ट्यूनाची बोट बघितलेली नाही. रॉकेल, साबण, खत आणि मुलाच्या औषधाला मात्र त्यानं वाढलेला भाव मोजला. भारताचा दुसरा धागा रोवुमाच्या वायूचा : तिथल्या एका मोठ्या क्षेत्रात भारतीय सरकारी कंपन्यांची मिळून 30 टक्के भागीदारी आहे, आणि त्यातले 10 टक्के मुंबईच्या भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीचे. बँकांनी 2013 मध्ये एवढं कर्ज ओतलं तेही याच वायूच्या भरवशावर. उद्या वायू विकला जाईल, तेव्हा वसूल होईलच, असा तो हिशेब.

न्यायालयं : सहा वर्षं, चार देश

सर्वांत आधी हललं ते मोझांबिकचं नागरी समाजाचं व्यासपीठ. तिथल्या घटनेत 2,000 नागरिकांच्या सह्यांनी घटना परिषदेकडे दाद मागता येते. अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या संघटनांच्या मंचानं सह्या गोळा केल्या. सत्ताधारी पक्षाच्या बहुमतानं संसदेनं या हमी मागाहून हिशेबात घालून घेतल्या होत्या, तरी घटना परिषदेनं जून 2019 मध्ये एमाटुमची आणि मे 2020 मध्ये उरलेल्या दोन्हींची हमी रद्दबातल ठरवली. सीआयपीनं ‘लपवलेली कर्जं मी फेडणार नाही’ असं छापलेले टीशर्ट वाटले, तेव्हा पोलिसांनी वाटप अडवलं. संसदेनं मान तुकवली असताना 2,000 सह्यांनी जे करून दाखवलं त्याला या प्रकरणात तोड नाही.

पण निकाल हाती आला तोवर एमाटुमच्या कर्जाचं थेट सरकारी रोख्यांत रूपांतर झालेलं होतं, आणि कर्जाच्या करारांना लागू होता इंग्लंडचा कायदा. मापुतोत रद्द झालेला कागद लंडनमध्ये आपोआप रद्द होत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये सरकारनं रोख्यांची पुन्हा फेररचना केली होती, ती त्यानं पाळली.

न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर 2019 मध्ये पुरवठादाराचा मध्यस्थ ज्यां बुस्तानी निर्दोष सुटला. ज्यूरींपैकी काहींनी नंतर सांगितलं की या प्रकरणाचा अमेरिकेशी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाशी संबंध काय, हेच पटलं नाही. आंतरराष्ट्रीय लाचखोरीतली ही नेहमीची फट आहे : लाच एका देशात ठरते, दुसऱ्यात दिली जाते, तिसऱ्यातून पैसा फिरतो आणि कुठल्याच न्यायालयाला ती पूर्णपणे आपली वाटत नाही. अमेरिकेला अधिकार मिळाला तो डॉलरचे व्यवहार न्यूयॉर्कच्या बँकांतून जातात आणि अमेरिकी गुंतवणूकदारांना कर्ज विकलं गेलं म्हणून.

माजी अर्थमंत्री चांग यांना डिसेंबर 2018 मध्ये जोहान्सबर्ग विमानतळावर अटक झाली. अमेरिकेला द्यायचं की मोझांबिकला, यावर दक्षिण आफ्रिकेत साडेचार वर्षं गेली. जुलै 2023 मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले, ऑगस्ट 2024 मध्ये दोषी ठरले आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांना साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यावर सिद्ध झालेली लाच 70 लाख डॉलर. ज्या सह्यांच्या बदल्यात ती मिळाली त्या 200 कोटींच्या कर्जाच्या होत्या. प्रति 100 डॉलर 35 सेंट. देशाची जामीनकी एवढ्या स्वस्तात विकली गेली.

मोझांबिकमधला खटला मापुतोजवळच्या कडेकोट तुरुंगाच्या आवारात उभारलेल्या मंडपात चालला. 19 आरोपी, त्यातले 11 डिसेंबर 2022 मध्ये दोषी. सिसेचे माजी प्रमुख, दो रोझारियो आणि माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा नदांबी गेबुझा यांना प्रत्येकी 12 वर्षं.

क्रेडिट स्वीसनं ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या यंत्रणांशी सुमारे 47.5 कोटी डॉलरवर तडजोड केली. हा पैसा कुणाला गेला ते नीट पाहावं. जवळपास सगळा अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या तिजोरीत. मोझांबिकच्या वाट्याला आली 20 कोटींची कर्जमाफी. पुढे ही बँक यूबीएस या दुसऱ्या स्विस बँकेच्या ताब्यात गेल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये, लंडनचा खटला सुरू होण्याच्या तोंडावर, आणखी तडजोड झाली. खटला प्रिव्हिनव्हेस्टविरुद्ध चालला आणि जुलै 2024 मध्ये मोझांबिक जिंकलं : सुमारे 82.5 कोटी डॉलरची भरपाई, शिवाय पुढे भराव्या लागणाऱ्या देण्यांची हमी. निकाल मिळणं आणि पैसे हाती येणं यात किती अंतर असतं ते वसुलीची कामं करणाऱ्यांना सांगायला नको.

कुठे अडवता आलं असतं

चार जागा होत्या, आणि चारही जागी लागणारं काम एका दिवसाचं होतं.

हमीपत्र घेताना बँकेनं अर्थसंकल्पाचा कायदा उघडून मर्यादेचा आकडा पाहायचा. तो जाहीर कागद होता. बोटींच्या किमतीसाठी दुसऱ्या गोदीकडून दरपत्रक मागायचं. अकरा पटीची तफावत पकडायला तज्ज्ञाची गरज नसते. पैसे एकरकमी न सोडता नौका येईल तसे सोडायचे. आणि नाणेनिधीनं सरकारला दर वर्षी कर्जाच्या यादीबरोबर हमीची यादीही सहीनिशी मागायची.

चौथी जागा सर्वांत महत्त्वाची, कारण ती आपल्याकडेही तितकीच लागू आहे. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांना सरकारनं दिलेल्या हमी आणि त्या वठवल्या गेल्यावर तिजोरीवर आलेला बोजा हा जुना अनुभव आहे. घटनेच्या 293 व्या अनुच्छेदानुसार विधिमंडळाला हमीची मर्यादा ठरवता येते. महालेखापरीक्षकांच्या वित्त लेख्यांत हमीचं स्वतंत्र विवरणपत्र असतं. 2024 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं प्रसिद्ध केलेल्या कार्यगटाच्या अहवालात राज्यांनी वर्षभरात द्यायच्या नव्या हमीवर महसुली जमेच्या 5 टक्के किंवा राज्य उत्पन्नाच्या 0.5 टक्के, यातली जी कमी ती मर्यादा सुचवली आहे. अर्थसंकल्पाच्या दिवशी कुणी ते विवरणपत्र उघडत नाही. पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी सुरुवात तिथून करावी : हमी कुणाला दिली, किती, हमी शुल्क भरलं का, आणि कर्जदार संस्थेचा शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद कुठल्या वर्षाचा.

जागतिक पातळीवर 2019 मध्ये खासगी बँकांच्या संघटनेनं गरीब देशांना दिलेली कर्जं स्वतःहून जाहीर करण्याची तत्त्वं मान्य केली. ती ऐच्छिक आहेत आणि प्रतिसाद तोकडा आहे. जाहीर न केलेलं कर्ज लंडन-न्यूयॉर्कच्या न्यायालयांत वसूलच करता येऊ नये, ही मागणी जास्त परिणामकारक ठरेल असं आमचं मत आहे. त्यात गुपित ठेवण्याची किंमत पहिल्यांदाच कर्ज देणाऱ्यावर पडते.

नाणेनिधीचा पूर्ण कार्यक्रम मोझांबिकमध्ये मे 2022 मध्ये परत सुरू झाला, सहा वर्षांनी. 2019 च्या फेररचनेतून आलेल्या 90 कोटी डॉलरच्या रोख्यांवर आता 9 टक्के व्याज आहे. करारानुसार मुद्दल मार्च 2028 पासून सप्टेंबर 2031 पर्यंत, दर सहा महिन्यांनी 11.25 कोटी डॉलर, अशा आठ हप्त्यांत फेडायचं आहे.